खोकला ऐकवणारा प्लेअर

चाकणच्या बाजारात झेंडूचे ढीग लागले की मला धास्ती वाटायला लागते. इतरांना त्या वासाने दसरा आठवतो, बोनस आठवतो, गावी जायचं रिझर्व्हेशन आठवतं. मला कान आठवतात. यंदाही सकाळी कंपनीच्या बसमध्ये कुणीतरी फुलांची ओली पिशवी मांडीवर घेऊन बसलं होतं. तो कडवट, हिरवा वास नाकात गेला आणि मी नकळत उजव्या कानाशी चुटकी वाजवून बघितली. वाजली. मग जरा लांब हात नेऊन पुन्हा वाजवली. तीही ऐकू आली. शेजारच्या माणसाने माझ्याकडे बघितलं आणि सरकून बसला. त्याचं काही चुकलं नाही.

निघोज्याच्या अलीकडे आमची कंपनी आहे. गिअरबॉक्स बनवते. तयार झालेला गिअरबॉक्स एका बंद खोलीत फिरवून ऐकतात. त्या खोलीला आम्ही बूथ म्हणतो. यंत्र आलेख काढतंच, पण आलेख काठावर असला की शेवटचा शब्द माणसाच्या कानाचा. तो कान बरीच वर्षं माझा होता. दाताला दात नीट लागला नसेल तर आतून एक बारीक, रडका सूर निघतो. कुणाला तो ऐकूच येत नाही, कुणाला सांगितल्यावर येतो. मला आधी यायचा. मी बाहेर येऊन मान हलवली की तो गिअरबॉक्स परत उघडायचा, त्यावर वाद नाही. मोठमोठे साहेब दारात उभे राहून माझ्या मानेकडे बघायचे. मला या गोष्टीची घमेंड होती, आणि ती मी लपवतही नव्हतो.

काही वर्षांपूर्वीच्या खंडेनवमीला सगळं सुरू झालं. खंडेनवमीला आमच्या पट्ट्यात यंत्रांना आंघोळ असते. आदल्या दिवसापासून तेल पुसायचं, जाळ्या काढायच्या, पॅनेलवर हळदकुंकू, पुढे रांगोळी, मशीनच्या गळ्यात झेंडूची माळ. आम्ही बौद्ध. बाबांनी अख्खं आयुष्य पिंपरीच्या प्रेसशॉपमध्ये काढलं, पण प्रेसला कधी हात जोडले नाहीत, आणि मीही जोडत नाही. आमचा दिवस दुसरा, दसऱ्याचा; पांढरे कपडे घालून विहारात जायचं. पण पुसापुशीत मी पुढे असतो, आणि पेढ्यांच्या वेळीही मागे नसतो. मला त्या दिवसातली खरी आवडणारी गोष्ट म्हणजे शांतता. पूजेसाठी सगळी लाइन बंद करतात. एरवी त्या छपराखाली बोलायचं म्हणजे ओरडायचं. त्या अर्ध्या तासात उदबत्तीची राख पडली तरी ऐकू येईल असं वाटतं.

त्या शांततेत मला शीं असा आवाज ऐकू आला. अगदी बारीक. कुठूनतरी हवा गळत असावी तसा. हवेच्या पाइपाचा जोड ढिला झाला की असाच आवाज येतो, आणि गळती शोधायची आम्हाला इतकी सवय असते की मी लगेच लाइनीच्या कडेने निघालो. प्रत्येक जोडाशी कान नेत, एका मशीनकडून दुसऱ्या मशीनकडे. आवाज कुठे वाढत नव्हता, कुठे कमी होत नव्हता. तिकडे आरती चाललेली आणि मी माळा घातलेल्या मशीनच्या मागे वाकून फिरतोय. बाळू माझ्या लाइनीवरचाच, निघोज्याचा, घरची शेती कंपन्यांखाली गेलेला. नारळ फोडायचा मान दरवर्षी त्याचा. त्याने मला हटकलं.

"काय हुडकतोयस भावा?"

"एअर लीक आहे रे कुठेतरी. शीं करतंय."

"आरं, सकाळीच कंप्रेसर बंद केलाय म्या. लायनीत हवाच न्हाई, तर गळंल कशी?"

सगळे हसले. मीही हसलो. "मग ट्रान्सफॉर्मर असेल," मी म्हणालो.

"आसंल. धर, खोबरं घे."

मी खोबरं चावत उभा राहिलो. चावण्याच्या आवाजामागे ते शीं होतंच. बसमध्ये होतं, घरी लिफ्टमध्ये होतं. लिफ्टमध्ये तर कुठला ट्रान्सफॉर्मर नव्हता.

चिंचवडच्या आमच्या फ्लॅटमध्ये हॉलची एक भिंत माझ्या मालकीची आहे. दोन स्पीकर, अॅम्प्लिफायर, सीडी प्लेअर आणि सीड्यांचं कपाट. लोक म्हणतात, फोनवर सगळं मिळतं, हा पसारा कशाला? मी वाद घालत नाही. फोनवर मिळतं ते मी कामं करताना ऐकतो. सीडी लावली की कामं बंद करून समोर बसावं लागतं, इतकाच फरक आहे, आणि तो मला पुरतो. त्यात एक सीडी फार लाडकी. एका बुजुर्ग गायिकेची छोट्या सभागृहातली मैफल. बाई संथ आलाप घेत वर जातात आणि एका सुरावर थांबतात. सगळं सभागृह श्वास धरून बसलेलं असतं. नेमक्या त्या वेळी डावीकडे, पुढच्या रांगेत कुणीतरी खोकतं. तेही मोकळेपणी नाही, बिचारा तो खोकला दाबायला बघतो आणि अर्धाच बाहेर पडतो. बाई क्षणभर थांबतात. मला नेहमी वाटतं की त्या हसल्या असाव्यात.

बाईंचं गाणं अनेकांना आवडत असेल, पण त्या खोकणाऱ्या माणसाचा एवढा सोस मलाच. नवी वायर आणली, स्पीकर हलवले, की पहिल्यांदा तो खोकला ऐकायचा. स्पष्ट आला, घसा कोरडा आहे हेसुद्धा कळलं, म्हणजे जोडणी बरोबर. बूथमध्ये आम्ही एक चांगला गिअरबॉक्स नमुना म्हणून ठेवतो, तसा घरी हा खोकला होता. आणि त्या दसऱ्याच्या संध्याकाळी, विहारातून आल्यावर, पांढरे कपडे न बदलता मी ती सीडी लावली, तर बाई सुरावर थांबल्या, पुढे गेल्या, आणि मध्ये कुणी खोकलंच नाही.

मी लेन्स पुसली. सीडी धुतली, मऊ फडक्याने आतून बाहेर कोरडी केली. वायर बदलली. स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले, मग मागे ढकलले. आमच्या धंद्याची खोड अशी, की आवाज बिघडला की आधी मशीन बघायचं, मग जोडणी, मग माल. ऐकणारा माणूस त्या तपासणीत येतच नाही. मी निकाल देऊन टाकला: प्लेअर म्हातारा झाला, आता चांगल्यातला घ्यायचा.

"आहे त्याला काय झालंय?" सुजाता म्हणाली. सुजाता माझी बायको. तिला गाणं आवडतं, पण ते कुठल्या खोक्यातून येतं याच्याशी तिला घेणंदेणं नाही.

"खोकला येत नाहीये."

"मग चांगलंच आहे की."

"माझा नाही गं. सीडीतला."

ती माझ्याकडे बघत राहिली. "अहो, खोकला ऐकायला नवीन प्लेअर घेणार तुम्ही?" मी हो म्हणालो. तेव्हा हे वाक्य मला अजिबात विनोदी वाटलं नव्हतं.

मग ते दिवस आले, दसरा आणि दिवाळीमधले. दुपारी ऑक्टोबरचं ऊन डोक्यात जायचं आणि संध्याकाळी रस्त्यारस्त्यावर आकाशकंदिलांचे स्टॉल. शनिवार-रविवारी मी ती सीडी शर्टाच्या खिशात घालून प्लेअर बघत हिंडत होतो. हल्ली असली दुकानं थोडीच राहिलीत, पण आहेत ती देवळासारखी गार आणि शांत असतात. पुण्यातल्या एका दुकानात प्लेअर इतका जड होता की दोघांनी मिळून आणला. त्याचा ड्रॉवर असा अलगद बाहेर आला की मी नकळत आदराने सीडी ठेवली. विक्रेता सांगत होता, आवाजात किती मोकळी हवा आहे बघा, बाई कशा समोर बसल्यासारख्या वाटतात. मी मान डोलावत होतो. बाई सुरावर थांबल्या. खोकला आला नाही. दुसऱ्या दुकानातही तेच. किमती मी इथे लिहीत नाही, सासूबाई वाचतात.

मी बाहेर पडून तुच्छतेने हसायचो. एवढं मोठं मशीन आणि एक खोकला पकडता येत नाही! पण गाडीत बसून काचा वर केल्या की ते शीं चालू व्हायचं. एसीचा गॅस असेल, मी स्वतःला सांगायचो. मी घाबरलेला होतो. पहिल्या दुकानातच घाबरलो होतो. पण त्या भीतीला मी चोखंदळपणा म्हणत होतो, आणि लोकही तसंच म्हणत होते, त्यामुळे सोपं गेलं.

तिसरं दुकान म्हणजे दुकान नव्हतंच. वाकडला एका उंच इमारतीत केतन नावाचा मनुष्य राहतो. आयटीतली नोकरी सोडून त्याने राहत्या फ्लॅटमधली बेडरूम ऐकण्याची खोली केली आहे. भिंतींना जाड स्पंज, खिडकीला दुहेरी काच, मध्ये एक सोफा. सुजाता त्या रविवारी बरोबर होती, कारण नंतर मॉलमध्ये दिवाळीचे कपडे घ्यायचे होते. ती सोफ्याच्या कडेला पर्स मांडीवर घेऊन बसली. केतनने दोन प्लेअर शेजारी शेजारी मांडले होते.

"सर, डोळे मिटून ऐका. आधी हा, मग तो. फरक तुम्हीच सांगा."

मी डोळे मिटले. बाई वर गेल्या, थांबल्या, पुढे गेल्या. मग दुसऱ्यावर तीच जागा. बाई थांबल्या, पुढे गेल्या. माझं डोकं सटकलं.

"अहो केतन, एवढ्या किमतीचं मशीन आणि खोकला गिळतंय?"

"कुठला खोकला, सर?"

"त्या जागेवर एक माणूस खोकतो. डावीकडे. तुमच्या एकाही मशीनमध्ये नाही तो."

केतन गोंधळून सुजाताकडे बघायला लागला. सुजाता म्हणाली, "खोकला की आत्ता. दोन्ही वेळेला." आणि तिने डावा हात उचलून बरोबर जागा दाखवली. "इथे. दाबून खोकला बिचारा."

"हो सर," केतन हळूच म्हणाला. "आला ना."

त्या स्पंजच्या खोलीत बाहेरचा काहीच आवाज येत नव्हता. फक्त शीं होतं.

मी हेडफोन मागितला. कशासाठी ते सांगितलं नाही. लाइनवर दोष सापडत नसला की आम्ही एक साधी गोष्ट करतो, अदलाबदल. इकडचा भाग तिकडे लावायचा. दोष भागाबरोबर तिकडे गेला तर भाग खराब. दोष जागेवरच राहिला तर खराबी जागेची. मी हेडफोन नीट घातला आणि ती जागा ऐकली. खोकला नाही. मग हेडफोन उलटा घातला, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. बाई थांबल्या आणि माझ्या उजव्या कानात तो माणूस खोकला. कोरडा घसा, अर्धा गिळलेला, जसा होता तसा. पुन्हा सरळ घातला. गेला. पुन्हा उलटा. आला. मी किती वेळा ते केलं माहीत नाही. केतन सुरुवातीला हसत होता, मग हसायचा थांबला.

"काय झालं?" सुजाताने विचारलं.

"मशीन ठीक आहे," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही मॉलमध्ये गेलो, कारण ठरलेलं होतं. भीतीत माणूस ठरलेली कामं फार नीट करतो. मी पिशव्या धरल्या, रंग सुचवले, जिन्यावर सुजाताच्या मागे उभा राहिलो. आणि एकेक गोष्ट दिसायला लागली. वर्षभर मी फोन उजव्या कानाला लावत होतो. पूर्वी डाव्याला लावायचो. चालताना मी नेहमी सुजाताच्या डाव्या बाजूला यायचो, म्हणजे ती माझ्या उजवीकडे राहावी. दसऱ्याला विहारात ती माझ्या डावीकडे बसली होती आणि वंदनेत तिचा आवाज मला नुसता कुजबुजीसारखा आला होता. मला वाटलं, तिला सर्दी झालीय. माझ्या शरीराला सगळं ठाऊक होतं. त्याने मला सांगितलं नव्हतं इतकंच.

आणि मग बाबा. प्रेसशॉपने बाबांचे दोन्ही कान नेले. त्या काळी कानात कापूस घालणाऱ्याला नाजूक म्हणत. निवृत्तीनंतर ते लग्नाकार्यात मधल्या खुर्चीवर बसायचे आणि सगळ्यांकडे बघून हसायचे. चहा घेणार का? हो हो. तब्येत बरी आहे ना? हो हो. तुमचा भाऊ गेला म्हणे? हो हो, आणि तेच हसू. आई ओरडून ओरडून घोगरी झाली. मग हळूहळू घरात कुणी बाबांना काही विचारेना. ते एका कोपऱ्यात हसत बसलेले असायचे, आणि आमचं बोलणं त्यांच्या समोरून इकडून तिकडे जायचं. मला काळोखाची भीती नाही, आजाराची बऱ्यापैकी आहे. पण सगळ्यात जास्त भीती मला त्या हसण्याची वाटते. दुकानांतून मी विक्रेत्यांकडे बघून मान डोलावत होतो, तेव्हा त्यांच्या बोलण्यातलं निम्मं मला ऐकू आलं नव्हतं.

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. डाव्या कानातले वरचे, बारीक आवाज गेले होते आणि येणार नव्हते. गोंगाटाने झालं असेल, आणखी कशाने असेल, त्यांना नक्की सांगता येईना. उजवा चांगला होता. "त्याला जपा," ते म्हणाले, "आणि दरवर्षी दाखवा." मी दिवाळीच्या आधीच साहेबांना सांगून बूथ सोडला. आता मी बाहेरून आलेल्या मालाची मापं घेतो. तिथे डोळे लागतात. बाळू चिडला होता.

"येडा का काय तू राव? सांगितलंस कशापायी? एक कान हाय की अजून."

"त्या एकासाठीच सांगितलं," मी म्हणालो. जाताना तो माझ्या उजव्या बाजूला येऊन चालायला लागला, आणि अजून तसाच चालतो.

प्लेअर आम्ही घेतला. केतनकडे पुन्हा गेलो, आणि या वेळी सोफ्याच्या मध्ये सुजाता बसली. मी कडेला. ती डोळे मिटून ऐकत होती आणि मी तिचा चेहरा बघत होतो. तिच्या कपाळावर बारीक आठी पडायची आणि जायची. "पहिला घ्या," ती म्हणाली. का, म्हणून विचारलं, तर म्हणे दुसऱ्यात बाई जरा लांब बसल्यासारख्या वाटतात. इतकी वर्षं मी पुस्तकं वाचून, माणसांशी भांडून जे शब्द जमवले, त्यातला एकही न वापरता तिने निवड केली. मला तिचा हेवा वाटला. मग भीती वाटली, की यापुढे चांगलं काय आणि वाईट काय हे मला कुणाच्या तरी चेहऱ्यावरून कळणार.

तेव्हापासून हा मोसम माझ्यासाठी तपासणीचा. मुलांच्या परीक्षा मार्चमध्ये, माझी आश्विनात. खंडेनवमीच्या शांततेत मी आता बाहेर झाडाखाली जाऊन उभा राहतो. तिथे ट्रकचे आवाज असतात, बरं वाटतं. मग पुढच्या आठवड्यात डॉक्टर, कागदावरची रेघ, मागच्या वर्षीच्या रेघेवर ठेवून बघणं. उजवी रेघ दरवर्षी जागेवर होती. दरवर्षी मी बाहेर येऊन सुजाताला मान डोलावून सगळं ठीक म्हणून सांगायचो आणि आम्ही समोरच्या गाड्यावर भजी खायचो.

यंदा झेंडू यायच्या आधीच एक गोष्ट झाली. मी हॉलमध्ये पेपर वाचत होतो. सुजाता स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली, हातात पिठाचा गोळा. "अहो, केव्हाची हाक मारतेय."

"पंखा चालू होता ना तुझा," मी म्हणालो. "तो धूर ओढायचा."

"हो, पंखाच असणार. फार वाजतो," ती म्हणाली. आम्ही दोघं इतक्या पटकन कबूल झालो की दोघांनाही कळलं. आधी मशीन. दुसऱ्या दिवशी तिनेच डॉक्टरांची वेळ अलीकडे आणली, मला न विचारता.

परवा गेलो. ती खोली आमच्या बूथसारखीच आहे, फक्त लहान, आणि आत गिअरबॉक्सच्या जागी आपण. डोक्यावर हेडफोन, हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. समोर काच, काचेपलीकडे तपासणाऱ्या बाई आणि त्यांच्या मागे खुर्चीवर सुजाता. खुर्ची अशी ठेवलेली आहे की बाईंचा हात दिसतो. त्यांनी कळ दाबली की बोट हलतं, आणि तेवढ्यावर माणूस पास होऊ शकतो. म्हणून मी डोळे मिटून घेतो. त्या खोलीत सगळ्यात वाईट असते ती शांतता. दोन आवाजांच्या मध्ये बाई मुद्दाम थांबतात, आणि त्या थांबल्यात की आपण हुकलोय हे आतल्या माणसाला कळायला मार्ग नसतो.

आधी उजवा. जाड आवाज आला, मी दाबलं. त्याहून बारीक, दाबलं. आणखी बारीक, सुईच्या टोकाएवढा, तोही आला, मी दाबलं आणि मनात म्हटलं, पंखाच होता. मग शांतता आली. मी वाट बघितली. बाई थांबल्या असतील. नोंद करत असतील. पान उलटत असतील. छातीतली धडधड कानात यायला लागली, मी श्वास रोखला, तरी पुढचा आवाज येईना. शांतता फार लांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी मध्येच डोळे उघडले.

काचेपलीकडे बाईंचं बोट कळीवर दाबलेलं होतं. त्यांनी ते उचललं, बाजूचं चाक थोडं फिरवलं आणि पुन्हा दाबलं, दाबूनच धरलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. सुजाता खुर्चीतून उठली होती आणि तीही माझ्याकडे बघत होती, माझ्या हातातल्या बटणाकडे. एकदा दाबलं असतं तर तिचा जीव भांड्यात पडला असता. मी अंगठा बाजूला घेतला आणि तिच्याकडे बघून मान हलवली, नाही म्हणून.